मानोंग तिबोंगची नऊशे बारा ताटं

शुक्रवारी चारपर्यंत नानायची चावडी पुन्हा बंद पडली, तर ती कायमची बंद. एलादियो सरांनी सोमवारी वर्गात तसं जाहीर केलं आणि मी ताडकन उभी राहून म्हणाले, "सर, दोष मी शोधते!" अख्खी दहावी हसली. हसू देत.

चावडी म्हणजे शाळेच्या ग्रंथालयातल्या सर्व्हरवर चालणारा, माझ्या आईने, नानायने, लिहिलेला प्रोग्रॅम. ग्वीमारास बेटावरच्या आमच्या गावातली निम्मी माणसं जहाजांवर नाहीतर परदेशात. ती सगळी तिथे येतात, गप्पा मारतात, फोटो टाकतात आणि कामाला लागतात. नानाय तेव्हा इथे ग्रंथपाल होती. ती लिहायची आणि मी तिच्या टेबलाखाली बसून सुकवलेल्या आंब्याच्या फोडी चघळायचे. ती जेद्दाला नोकरीला गेली त्याला सहा वर्षं झाली. आमच्याकडे राहिलेलं तिच्या हातचं एवढंच.

जानेवारीपासून मात्र सर्व्हरची मेमरी भरत जायची, रिकामी व्हायचीच नाही आणि दर चार दिवसांनी तो गुदमरून बंद पडायचा. सर म्हणायचे, "म्हातारा झालाय गं तो, माझ्यासारखाच."

मी वही काढली आणि दोन दिवस मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, दर दहा मिनिटांनी आकडे लिहिले. कोणी आलं की आकडा वाढायचा, ते ठीक. पण माणूस गेला तरी तो उतरायचा नाही! मग मेमरीत काय साठलंय त्याची यादी काढली. एकट्या मानोंग तिबोंगच्या, म्हणजे आमच्या तिबोंगदादाच्या, नावावर नऊशे बारा नोंदी. तो तेलवाहू जहाजावर असतो, तिथे त्याचं नेटवर्क मिनिटामिनिटाला तुटतं. प्रत्येक नोंदीचं नाव होतं 'ताट' आणि प्रत्येकीत त्याने पाहिलेले सगळे फोटो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत नानायला फोन लावला.

"नानाय, जेवताना कोणी मधेच उठून निघालं, तर आपण काय करतो?"

"हे काय विचारणं झालं, इंदाय? ताटं फिरवतो. जाणारा सुखरूप पोचावा म्हणून."

"आणि तुझ्या प्रोग्रॅममध्ये?"

"तेच. शिवाय जाणाऱ्याचं ताट राखून ठेवते, परत येईपर्यंत."

"आणि परत आला की?"

"आला की... नवं ताट मांडते. अगं बाई!"

"जुनं कोण उचलणार? मी?"

ती इतकी हसली की मागे कोणीतरी अरबीत काहीतरी विचारलं. "पण नऊ वर्षं कसं कळलं नाही गं?" ती म्हणाली.

ते मला कळलं होतं, मी तिला सांगितलं. पूर्वी आमच्याकडे वीज दिवसाआड जायची. गेली की सर्व्हर बंद, आली की नव्याने सुरू, सगळी ताटं साफ. जानेवारीत शाळेवर सौर पॅनेल आले, बॅटऱ्या आल्या, आणि वीज जायचीच थांबली.

"वीज जायची तेव्हाचं आठवतं?" नानाय म्हणाली. आठवणार नाही कसं! पंखा घरघरत थांबायचा, सगळे एका सुरात "आऽऽय!" ओरडायचे, आणि नानाय पायरीवर सुंग्काचा लाकडी पट मांडायची. खळग्याखळग्यात कवड्या. दोन कवड्या ती मुठीत लपवायची आणि मी "चोर! चोर!" म्हणून तिची बोटं उलगडायचे. वीज आली की मला रडू यायचं. आता सगळं गाव खूश आहे, आणि मला मात्र भर दुपारी तो थांबलेला पंखा हवासा वाटत होता.

"सोपं आहे," मी सगळं सांगितल्यावर सर म्हणाले. "माणूस गेला की ताट उचलून टाक. एक ओळ."

ती ओळ मी लिहिली. मग खोडली. त्याऐवजी लिहिलं, परत येणाऱ्याला त्याचं जुनंच ताट द्यायचं. प्रत्येकाचं एकच. फार तर साडेतीनशे होतील, गावाची माणसंच तेवढी. बुधवारी संध्याकाळीच सर्व्हर नव्याने सुरू केला, आणि सगळ्यात आधी नानाय डोकावून गेली.

शुक्रवारी चार वाजता आकड्यांची रेघ पडवीसारखी सपाट होती. मी बाकावर चढून नाचले, सरांनी खाली उतर म्हणून सांगितलं, पण हसत. मग ते यादी वाचायला लागले.

"सगळ्यात पहिलं ताट तुझ्या आईचं दिसतंय. बुधवारपासून रिकामं आहे. काढायचं?"

"राहू दे, सर," मी म्हणाले. "यायचीय अजून ती."