गेणबाचा जबाब

गेणबा आमाला कातवडी म्हनतो. जात म्हनून न्हाई, थुंकल्यागत. त्याच्या नातवानं आंघोळ केली न्हाई की ‘कातवड्यागत राहतोय’. सुनेचे केस मोकळे दिसले की ‘कातवडीन दिसतीया’. आन मी तर खरीच कातवडी, कातकरी जातीची, मला ‘ए कातवडे, लांबनं’. माण गावातली त्याची शेतं गेली, तितं खोल्या झाल्या, कंपनीतली पोरं भाड्यानं राहत्यात. आदी मी भात लावायची, आता खोल्या झाडते. वीस वरसं झाली, पण माझ्या शीतलला त्याच्या पायरीशी कदी नेली न्हाई. त्यो शब्द तिच्या कानावर नको म्हनून.

शीतल बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. पण जातीचा दाखला पायजे, आठ दिसांत. न्हाईतर जागा जाती. आमच्यात आदी कुनी शाळेत गेलं न्हाई, जुना कागद आनायचा कुटनं? चौकशीचे साहेब म्हनले, गावातल्या म्हाताऱ्या मानसाचा जबाब चालंल, पोरीला घेऊन या. असं मानूस एकच, गेणबा.

अंगनात साहेब खुर्चीवर बसले, शीतल माझ्या मागं उभी. साहेबांनी इचारलं, “आजोबा, ही कोण लोकं?”

गेणबानं हात जोडले. “आमचीच मानसं. घरच्यागत हायेत.”

“जात कोणती?”

“आमी जातपात मानत न्हाई, साहेब.”

तोंडातनं शब्द गेला तर केस होईल, ह्येचं भ्या त्याला. जल्मभर मानली, आन नेमकी आजच सुटली व्हय रं तुजी जातपात?

“सांगा की बाबा,” मी म्हनले. “रोज काय म्हनता तेच सांगा. मी केस करत न्हाई.”

“सोने, तुला मी कदी वाकडं बोललोय का?”

साहेब पेनाला टोपण लावाय लागले. माझं टकुरंच फिरलं. तीन पायऱ्या चढून ओटीवर गेले, माठावरचं झाकण काढलं आन पेला आत बुडवला.

“ए कातवडे, हाड. माठ बाटवलास.”

साहेबांनी टोपण काढलं, लिवलं, आन जबाब वाचून दाखवला. गेणबाचं तोंड एवढंसं झालं. “साहेब, तेवढा शब्द खोडा.”

“खोडू नका,” मी म्हनले. “सही घ्या त्यांची.”

वाडीवर येईपतोर शीतल माझ्या पुढं चालत व्हती. रोज माझ्याबरुबर चालती. मला लई वाटलं, हिनं मागं वळून कायतरी इचारावं, रागवावं तरी.

पाचव्या दिशी दाखला आला. मला वाचता येत न्हाई. म्हनले, वाच की गं, काय लिवलंय? शीतलनं त्याची घडी घातली आन पेटीत ठिवला. आता ती नर्सिंगच्या हॉस्टेलवर असती, दिवाळीला येऊन गेली. अजून वाचून दाखवला न्हाई तिनं.