हुकूम बदलणारी जागा

पळसदेवला उजनीच्या पाण्यात उतरून म्हस्कूनाना मोटारीच्या पाइपाला अडकलेलं शेवाळ काढत होते. मोटार त्यांनी मोबाइलवरून बंद केली होती. तरी ती अचानक सुरू झाली आणि पाइपानं त्यांचा हात आत खेचला. काठावर बसलेल्या त्यांच्या पत्नी नकोशीकाकूंनी धावत जाऊन खटका पाडला, पण तोवर मनगट मोडलं होतं.

मोबाइलवरचा हुकूम आसपासच्या मोटारींना धाडून त्या चालू-बंद करणारी ती पेटी बारामतीच्या एका छोट्या कंपनीची होती. त्याच कंपनीत नानांची पुतणी दिपाली ड्रायव्हरचं, म्हणजे पेटीतल्या नेटवर्क कार्डाला चालवणाऱ्या कोडचं काम करायची.

"शेतकऱ्याचं बोट चुकून बटणावर पडलं असणार," तिचे साहेब विजयसिंह म्हणाले. "रिपोर्टमध्ये तसंच लिही."

"नाना पाण्यात होते, सर. मोबाइल काठावर, काकूंच्या पिशवीत होता."

दिपालीनं तशीच पेटी टेबलावर मांडली आणि तिच्यावर एकाच वेळी पुष्कळ मोटारींच्या संदेशांचा मारा सुरू केला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग बंद मोटारीला पेटी अधूनमधून धाडते तो 'बंदच राहा' हा संदेश एकदा पलीकडे 'चालू हो' म्हणून पोचला.

तिनं विजयसिंहांना बोलावून घेतलं. "प्रत्येक संदेश पाठवायच्या आधी मेमरीतल्या एका जागेत, बफरमध्ये ठेवतो. कार्ड तिथून तो वाचून बाहेर धाडतं. पण आपला ड्रायव्हर कार्डाचं वाचून व्हायच्या आधीच ती जागा मोकळी करतो. तिथं दुसऱ्या मोटारीचा संदेश येऊन बसतो. कार्डानं पत्ता नानांच्या मोटारीचा वाचला आणि हुकूम भलत्याच मोटारीचा."

विजयसिंहांनी घड्याळाकडं पाहिलं. "मग जागा मोकळी करण्याआधी थोडं थांबायला लाव. दहा मिनिटांचं काम आहे. पेट्या उद्या निघायच्यात."

"थोडं म्हणजे किती? गर्दी वाढली की तेवढंही कमी पडेल. कार्डानं 'पाठवलं' असं कळवल्याशिवाय त्या जागेला हात लावायचा नाही, असंच लिहावं लागेल. आणि नीट तपासावं लागेल."

"तेवढा वेळ नाही."

"तर मग पेट्या जाणार नाहीत."

"हे तू ठरवणार?"

"गावात लागलेल्या पेट्यांचं मीच जाऊन सांगते. काढून ठेवा म्हणते."

"गेलीस तर परत येऊ नकोस."

दिपालीनं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. जिना उतरताना जळोचीतल्या खोलीच्या भाड्याचा विचार मनात येऊन गेला, पण ती थांबली नाही. इंदापूरची एसटी धरून ती पळसदेवला पोचली आणि देवळापुढं जमलेल्या लोकांना तिनं सगळं सांगितलं.

"म्हंजी माझी चूक न्हवती?" प्लॅस्टरमधला हात सावरत नानांनी विचारलं.

"न्हाय, नाना. चूक आमची हाय."

संध्याकाळच्या आत गावानं पेट्या काढल्या. मग शेजारच्या डाळजमध्येही काढल्या. नव्या पेट्या कुणी घेईना, तेव्हा विजयसिंहांचा फोन आला. "ये. तुझ्या पद्धतीनं लिही."

"येते. पण आधी तुम्ही इथं या. नानांवर चूक ढकलली होती, ते लोकांसमोर सांगा."

त्यांनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांची गाडी देवळापाशी थांबली. "चूक आमच्या पेटीची होती," एवढंच ते म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

दिपालीनं ड्रायव्हर दुरुस्त केला. संदेशांचा मारा चालू ठेवून आठवडाभर तपासला, मगच पेट्या परत लागल्या.

हात बरा झाल्यावर नाना पहिल्यांदा पाण्यात उतरायला निघाले, तेव्हा त्यांनी आधी फ्यूज उपसून खिशात टाकला आणि पुतणीकडं चोरट्या नजरेनं पाहिलं. "राग न्हाय न्हवं आला?"

"राग कसला? माझ्या कोडवर इसंबून कुणी पाण्यात उतरायचं न्हाय," दिपाली म्हणाली. "गावात समद्यांना हेच सांगा."