माझ्यावर आलेला थरथरीचा आळ

मी ग्रोनिंगन या डच शहरातल्या एका प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक बोलतोय. इथली माणसं पाहुण्याला कॉफीबरोबर एकच बिस्किट देऊन डबा बंद करतात. स्वतःच्या अकलेचा डबा मात्र सदा उघडा. बारा वर्षं पाहतोय मी.

चेतापेशीला एक लांब शेपूट असतं, अक्षतंतू म्हणतात त्याला. बाकीच्या आखूड फांद्या. पेशीच्या पोटात तयार झालेला माल इवल्या पिशव्यांतून निघतो; काही शेपटाकडे, काही फांद्यांकडे. ही वाटणी कशी होते, यावरच प्राध्यापक बाउके यांनी नाव कमावलं. त्यांचं म्हणणं, शेपटाच्या तोंडाशी भिंत आहे. फांद्यांचा माल आत शिरतच नाही. वा! मला ती भिंत कधी दिसली नाही, आणि त्यांनी तर सहा वर्षांत माझ्यात डोकावलंही नव्हतं.

डोकावायची ती त्यांची विद्यार्थिनी, येल्त्ये. एका मंगळवारी तिला दिसलं, की फांद्यांच्या पिशव्या खुशाल शेपटात शिरतात, थोडं पुढे जाऊन थबकतात आणि आल्या वाटेने परततात. एका नव्हे, चाळीस पेशींत. ती थेट बाउकेंकडे गेली; इथे प्राध्यापकांनाही नावानेच हाक मारतात.

"बाउके, भिंत नाहीये. माल आत जातो, अडतो आणि माघारी फिरतो."

"अगं, ते यंत्र म्हातारं झालंय. थरथरतं. टाकून दे ती चित्रं."

"चाळीसच्या चाळीस?"

"प्रबंध वेळेत हवाय ना तुला?"

मला संताप आला. स्वतःचं चुकलं की दोष यंत्राचा!

दुसऱ्या दिवशी तिने काचेवर बारीक मणी पक्के चिकटवले आणि माझ्याखाली तासभर त्यांचं चित्रण केलं. गुरुवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर आधी ते मणी दाखवले, मग पेशी.

माझी देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञ हिल्लेबाई हातातली कॉफी खाली ठेवून म्हणाल्या, "बाउके, मणी तर जागचे हलत नाहीयेत. मग थरथरतंय कोण?"

बाउकेंनी चष्मा पुसला. "मी तरी दुसरं काय म्हणत होतो? 'भिंत' हा शब्द आपला समजावण्यापुरता."

निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं मला तोवर वाटत होतं. जूनमध्ये येल्त्येला पदवी मिळाली. हसत हसत ती त्यांनीच दिली.

आता नवं यंत्र आलंय. मी बाहेरच्या बोळकांडीत उभा आहे, पोरं माझ्यावर ओले रेनकोट टाकतात. टाका, बाळांनो. पण डोळ्यांनी दिसलेलं खोडून टाक असं कुणी मोठा माणूस सांगू लागला, तर त्याला हाताला धरून इथे आणा. माझी भिंगं अजून स्वच्छ आहेत.