डोळे मिटण्यास मनाई

आमच्या बर्च लँडिंगच्या सार्वजनिक वाचनालयात झोपायला मनाई आहे. तशी ती बहुतेक गावांत असते. आमचा नियम जरा पुढचा आहे. आमच्याकडे डोळे मिटायलाच मनाई आहे. पूर्वी नुसतं 'झोपू नये' असं लिहिलेलं होतं, तेव्हा उठवलेला प्रत्येक माणूस 'मी प्रार्थना करत होतो' म्हणायचा, आणि मिनेसोटात प्रार्थनेच्या आड कोण येणार? म्हणून विश्वस्त मंडळाने दुरुस्ती केली : वाचकाचे दोन्ही डोळे उघडे आणि दोन्ही पाय जमिनीवर असावेत. शिंकेचा उल्लेख नाही. ती गार्डच्या सदसद्विवेकावर सोडली आहे.

ही दुरुस्ती सुचवली आर्विड टोलफसन यांनी. ते आयुष्यभर आमच्या हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होते. अर्ध्या गावाला लोकशाही त्यांनी शिकवली, तेव्हा गावात जे चाललंय त्याला थोडेफार तेही जबाबदार. निवृत्त झाल्यावर मंडळावर आले. नियम झाला त्या काळात त्यांना रात्री छान झोप लागायची.

मग त्यांची बायको सोलवेग विसरायला लागली. आधी चष्मा, मग नावं, मग रात्र कशासाठी असते तेच. मध्यरात्री उठून ती कोट चढवायची आणि दाराच्या कडीशी झटापट करायची. तिला माहेरी जाणारी आगगाडी गाठायची असायची. ती गाडी बंद होऊन जमाना लोटला होता. बाहेर तळं गोठलेलं. आर्विड दाराला पाठ लावून बसून राहायचे.

सकाळी सोलवेगची बहीण ग्रेटा यायची आणि दुपारपर्यंत थांबायची. "जा तुम्ही, तुमचं वाचनालयाचं काम उरका," म्हणायची. आर्विड निघायचे. घरी आडवं व्हावं तर सोलवेग हाका मारत येणार. आणि मेहुणीला 'मला झोप आलीय' असं सांगायचं म्हणजे आमच्याकडच्या, पूर्वज नॉर्वेहून आलेल्या माणसाला चोरी कबूल केल्यासारखं.

त्यामुळे ते खरोखर वाचनालयातच जायचे. मासिकांच्या कपाटामागे, हीटरच्या शेजारी दोन खुर्च्या आहेत, तिथे बसायचे. दुसऱ्या खुर्चीत डेल्मर असायचा. डेल्मरला गावात सगळे ओळखतात, म्हणजे त्याच्याकडे न बघता पुढे कसं जायचं ते सगळ्यांना जमतं. रात्री तो चर्चच्या तळघरातल्या निवाऱ्यात असतो. तो निवारा उजाडलं की सगळ्यांना बाहेर काढतो, कारण दिवसा तिथे दानधर्माची बैठक असते.

आर्विडच्या बरगडीत कोपर बसलं ते पहिल्याच दिवशी.

"मास्तर, घोरताय."

"मी?"

"हळूच घोरता, पण घोरता. आणि तो पेपर ठेवा आधी. झोप लागली की हातातून गळतो. जाडजूड काहीतरी घ्या, मांडीवर. अंगठा पानात. मान थोडी खाली, कर्जाचा विचार करताय तशी."

आर्विडनी निमूटपणे जाड पुस्तक आणलं. थोड्या वेळाने, बरं दिसावं म्हणून, विचारलं, "तुम्ही काय वाचताय?"

"नॉर्वेचा इतिहास. तिसरा हिवाळा आहे. तुमचे पूर्वज अजून बोटीतच बसतायत."

मग त्यांचं जमलं. एकाने झोपायचं, दुसऱ्याने जागं राहायचं, आणि गार्डच्या किल्ल्या वाजल्या की कोपर. गार्ड म्हणजे कर्टिस, आर्विडचाच जुना विद्यार्थी, नागरिकशास्त्रात काठावर पास. नियम मात्र त्याला तोंडपाठ होते. तीन ताकिदी झाल्या की महिनाभर प्रवेश बंद. डेल्मरच्या दोन झाल्या होत्या. आर्विडना हे माहीत होतं. ताकिदीची पद्धतही त्यांचीच.

जानेवारीतली एक सकाळ. पाळी आर्विडची होती, जागं राहायची. आदल्या रात्री सोलवेग पहाटेपर्यंत दाराशी होती. हीटर गरम होता. बस्स, एवढंच.

जाग आली ती कर्टिसच्या आवाजाने. पण तो आवाज त्यांच्यासाठी नव्हता. तो बुटाच्या टोकाने डेल्मरच्या खुर्चीचा पाय हलवत होता.

"ए, चल. डोळे."

"वाचतोय मी."

"पुस्तक उलटं आहे."

"अवघड भाग आहे," डेल्मर म्हणाला, पण मनापासून नाही.

"तिसरी वेळ. एक महिना. ऊठ, पिशव्या उचल."

आर्विडचं पुस्तक जमिनीवर पडलं होतं. कर्टिसने ते वाकून उचललं, पँटला पुसलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरलं. "घ्या सर, पडलं होतं. सॉरी हां, तुमच्या वाचनात व्यत्यय आला." मग आवाज खाली आणून, "हा त्रास देत होता का तुम्हाला?"

आता एका वाक्याचं काम होतं. 'मीही झोपलो होतो.' जन्मभर पोरांना ते सांगत आले होते की कायद्यापुढे सगळे समान. परीक्षेत त्याला दोन गुण असायचे.

"नाही नाही," आर्विड म्हणाले. "तसं काही विशेष नाही."

डेल्मरने पिशव्या उचलल्या. इतिहास कपाटात होता तिथे ठेवला. एक टोपी घातली, तिच्यावर दुसरी घातली. जाताना आर्विडजवळ थांबला आणि बारक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, तोंड पुसा. लाळ आलीय."

त्यानंतर तो समोरच्या बसथांब्यात बसायला लागला. तिथेही नियम आहे : बस पकडायची नसेल तर बसायचं नाही. म्हणून बस आली की डेल्मर उठायचा, ड्रायव्हरशी दोन शब्द बोलायचा, चुकीची बस आल्यासारखी मान हलवायचा आणि परत बसायचा. हे सगळं हीटरशेजारच्या खुर्चीतून स्पष्ट दिसायचं. आर्विडची झोप उडाली. म्हणजे तिथली. बाकी कुठलीच नव्हती.

चौथ्या दिवशी ते उठून कर्टिसकडे गेले. "त्या दिवशी मीही झोपलो होतो. मलाही बंदी घाल."

"काय सर!" कर्टिस हसला. "तुम्ही झोपत नाही. तुम्ही डोळे मिटून विचार करता."

"मी झोपतो. रोज झोपतो. घोरतो मी!"

"वयानुसार श्वास जरा मोठा होतो, सर. माझ्या वडिलांचंही तसंच."

मग मुख्य ग्रंथपाल मार्नीकडे गेले. मार्नीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोलवेग कशी आहे?" एवढ्या प्रेमाने विचारलं की आर्विड 'बरी आहे' म्हणून परत फिरले.

शेवटी त्यांनी थेट कृती करायचं ठरवलं. वाचनकक्षाच्या मधोमध, भर गर्दीच्या वेळी, बूट काढले, कोटाची उशी केली आणि गालिच्यावर उताणे झाले. डोळे घट्ट मिटले. नियमातलं एकही कलम शिल्लक ठेवलं नाही.

"अरे देवा! टोलफसन सर!"

"रक्तातली साखर असणार. संत्र्याचा रस आणा!"

"लोकांसाठी किती राबतो हा माणूस," कुणीतरी गहिवरून म्हणालं.

"मी झोपलोय," आर्विड डोळे न उघडता म्हणाले. "नियम मोडतोय मी. बाहेर काढा मला."

"भ्रम होतोय," कर्टिस म्हणाला आणि गुडघ्यावर बसून त्यांचा हात हातात घेतला. मार्नीने लहान मुलांच्या विभागातून अस्वलांची चित्रं असलेलं पांघरूण आणलं. त्यांच्या अंगावर घातलं, कडा नीट खोचल्या. अँब्युलन्स यायला वेळ होता. गालिचा मऊ होता, पांघरूण उबदार. आणि आर्विडना खरोखर झोप लागली, गेल्या कित्येक महिन्यांत लागली नव्हती इतकी गाढ. लोक चवड्यांवर चालत होते, म्हणे.

पुढच्या बैठकीत त्यांनी नियम रद्द करायचा ठराव मांडला. बोलता बोलता रडले. मंडळ हेलावलं. नियम रद्द नाही झाला, कारण लगेच कोण कोण येऊन झोपेल याची सगळ्यांना कल्पना होती. पण अपवाद एकमताने मंजूर झाला. गावात कायमचा पत्ता असलेल्या ज्येष्ठ सभासदांना विश्रांती घेता येईल. त्यासाठी हीटरशेजारची एक जुनी खुर्ची काढून हात-पाय पसरता येतील अशी चामड्याची आरामखुर्ची आली. तिच्यावर पितळी पाटी : 'आर्विड टोलफसन यांच्या सन्मानार्थ'. उद्घाटनाला कॉफी आणि लिंबाच्या वड्या होत्या. आर्विडनी येत नाही म्हणून सांगितलं होतं. तेव्हा ग्रेटाच त्यांना घेऊन आली, आणि सोलवेगलाही. सोलवेगला खुर्ची फार आवडली. "गाडीत अशा असतात," ती म्हणाली.

महिना संपला तेव्हा डेल्मर आला. पिशव्या ठेवल्या, वाकून पाटी वाचली.

"मी म्हटलं गेले का मास्तर," तो म्हणाला. "पाटी लावलीय म्हणून."

"बसा," आर्विड उठून उभे राहिले. "तुम्ही बसा यात. झोपा."

"मला पत्ता विचारतील."

आर्विडनी तोंड उघडलं. 'माझा सांगा.' रस्त्याचं नाव, घराचा नंबर, जिभेवर होता. मग डेल्मर घराचं दार वाजवतोय आणि ग्रेटा ते उघडतेय असं चित्र डोळ्यांपुढे आलं, आणि तोंड तसंच मिटलं.

डेल्मरने ते मिटताना पाहिलं. पिशव्या उचलून कक्षाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला, जिथे हीटर नाही, आणि एका अनोळखी पोरीच्या शेजारी, त्यांच्याकडे पाठ करून, ताठ बसला.

आर्विड उभेच राहिले. कर्टिस फेरीवर आला. "बसा ना सर," म्हणाला, आणि त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं. मग खिडकीचा पडदा ओढला. "ऊन डोळ्यांवर येतंय ना?"

"हो," आर्विड म्हणाले. "थँक यू."