पोतं झटकल्यावर

चाकणच्या बबनरावांच्या कारखान्यातलं मापं तपासायचं मशीन वीस वर्षांचं. त्याचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालायचं नाव घेत नसे. म्हणून तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या हीनाने नव्याच्याच पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवला होता, नुसता प्रोग्रामचा, हाताला न लागणारा. तो चालवायची अवजारं एका ओपन सोर्स सिस्टीमच्या भांडारातून फुकट मिळत.

पण ती सगळी एकाच पॅकेजात कोंबलेली, आणि सांभाळणारा कधीच सोडून गेलेला. शेवटी भांडारवाल्यांनी जाहीर केलं, की रविवार संध्याकाळपर्यंत कुणी ती नीट लावली नाहीत, तर पुढच्या आवृत्तीतून बाद. म्हणजे बबनरावांचं मशीनही आज ना उद्या बंद. "मी लावते," हीनाने लिहून टाकलं.

महिनाभर आकुर्डीच्या घरी ती त्या गुंत्याच्या हात धुऊन मागे लागली. भांडाराच्या तपासणाऱ्याने दोनदा परत पाठवलं, तिने तिसऱ्यांदा दिलं. एकाची चार सुटसुटीत पॅकेजं झाली. कोऱ्या कॉम्प्युटरवर चालली. रविवारी दुपारी मंजुरी आली.

ते सांगायला ती खाली अब्बांच्या गॅरेजमध्ये धावली. अब्बांनी, म्हणजे इनायत मिस्त्रींनी, मोटरसायकलचं इंजिन नुकतंच बांधलं होतं. गिऱ्हाईक किक मारायला उतावीळ, आणि अब्बा शांतपणे खाली अंथरलेलं पोतं झटकत होते. नेमच होता त्यांचा. पोत्यावर एक नट जरी उरला, तरी इंजिन पुन्हा उघडायचं.

हीना तशीच मागे फिरली. आपण पोतं झटकलंच नाही!

वर जाऊन तिने जुन्या पॅकेजातली एकेक फाईल चारही नव्यांत शोधली. एक उरली. आतल्या कॉम्प्युटरला बाहेरच्या मशीनशी जोडणारी, नेमकी तीच. चाचणीच्या कोऱ्या कॉम्प्युटरला मशीन जोडलेलंच नव्हतं, मग कळणार कसं?

मंजूर झालेलं काम तिने स्वतःच मागे घेतलं.

"राहू दे की, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर," तपासणाऱ्याने लिहिलं. "आता संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर सगळंच जाईल."

"तोवर कुणाचं तरी मशीन बंद पडेल. जमवते," तिने उत्तर धाडलं आणि पाचवं पॅकेज बांधायला घेतलं. पाच वाजता जुन्या फाईलींची यादी पुन्हा पडताळली. काही उरलं नव्हतं. साडेपाचला मंजुरी आली.

नवी आवृत्ती निघाल्यावर तिने ती कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर घातली. मशीनने पहिला पार्ट मोजला. हिरवा दिवा लागला.

बबनराव शेजारीच उभे होते. "महिनाभर केलंस काय गं पोरी? काहीच बदललं न्हाई की!"

"काहीच नाही, काका," हीना म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता, की दुसरा पार्ट तिने स्वतःच उचलून मशीनवर ठेवला.