बागेतल्या वहिनी

धंदा पाण्याचे पंप बनवायचा, म्हणून पक्षात सगळे त्याला 'पंपवाले' म्हणत. त्यात कौतुक होतं तसा टोमणाही होता. कोरड्या विहिरीतून पाणी काढावं तशी हा गडी चिक्कू माणसाच्या खिशातून देणगी काढी. तो कधी मागत नसे. समोरच्याच्या आईचं दुखणं, मुलीचं लग्न, भावकीतलं भांडण विचारी आणि दारात चपला घालता घालता म्हणे, "निवडणूक आलीय. तुमच्यासारख्यांनी मागं राहून कसं चालेल?" अशी त्यानं पक्षाची तिजोरी अर्धं आयुष्य भरली आणि उतारवयात पक्षानं त्याला राज्यपाल केलं.

बंगल्यात पाऊल टाकताच बायको म्हणाली, "एवढ्या खोल्यांत आपण एकमेकांना सापडायचं कसं?"

महिन्यातून एका रविवारी बंगल्याची बाग लोकांसाठी उघडी असे. पहिल्याच रविवारी खिडकीतून त्याला ती दिसली. कारंज्याजवळच्या बाकावर, मांडीवर पिशवी, पाठ ताठ. केस पांढरे झाले होते, तरी त्यानं ओळखलं. बूटवाल्याची बायको.

बूटवाला त्याचा जुना दोस्त. "लष्कराच्या बुटांचं काम तुलाच. माझा शब्द," असं पंपवाल्यानं त्याला छातीठोक सांगितलं होतं. त्या शब्दावर बूटवाल्यानं घर गहाण टाकलं, देणगी दिली, नवी यंत्रं घेतली. पक्ष जिंकला आणि काम गेलं दुसऱ्याला, ज्याचा हात अधिक सैल होता त्याला. मग बूटवाल्याचे फोन सुरू झाले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," हे वाक्य ऑफिसातल्या मुलीला झोपेतही पाठ झालं. एके सकाळी कामगार कारखान्यात आले, तेव्हा कातडी कापायच्या खोलीत मालकानं गळफास घेतला होता. पंपवाल्यानं हार पाठवला. स्वतः गेला नाही.

ती दर महिन्याला येऊ लागली. बसायची, फाटक बंद व्हायच्या सुमाराला उठून जायची. त्यानं सचिवाला पाठवलं.

"काही मागणं नाही म्हणतात, सर. बाग बघायला येते म्हणाल्या."

ज्याला काहीच मागायचं नाही असं माणूस पंपवाल्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मागणं कळलं की माणूस मुठीत येतो, ही येईना. पुढं पुढं बाग बंद असतानाही ती दिसू लागली. पाहुण्यांशी बोलता बोलता त्याची नजर खिडकीकडे जाई आणि रिकाम्या बाकावर ती ताठ पाठ दिसे. हातातला घास हातातच राही.

"कोण आहे तिथं?" बायको विचारी.

"कुणी नाही."

शेवटी एका रविवारी तो खाली उतरला. "वहिनी."

"या, भावोजी," ती म्हणाली. जणू बाग तिचीच होती.

"काय हवंय ते सांगा. मी देतो."

"घर आतून बघायचंय. हे म्हणायचे, आपला पैसा कुठं लागला ते एकदा बघू तरी."

त्यानं तिला सगळं दाखवलं. झुंबरांचा दिवाणखाना, लांबलचक जेवणघर, पाहुण्यांच्या खोल्या. मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी ती पडदे हातात धरून बघत होती. त्याच्या अभ्यासिकेत ती टेबलापाशी थांबली.

"हा फोन चालतो?"

"चालतो."

"आमचाही चालायचा."

"वहिनी, तेव्हा मी..."

"नको. ऐकायला नाही आले मी. बघायला आले होते, बघून झालं."

त्यानंतर ती कधीच आली नाही. पण आता ती त्याला आतही दिसू लागली, कधी जेवणघरात, कधी पडद्याशी. हातात पडद्याचं टोक धरून.

थोड्याच दिवसांत पक्षाचे खजिनदार एका तरुण कारखानदाराला घेऊन चहाला आले. पोरगा फरशा बनवायचा. सरकारी इमारतींचं काम त्याला हवं होतं.

"राज्यपालसाहेबांच्या तोंडून एक शब्द आला, की याला धीर येईल," खजिनदार डोळा बारीक करून म्हणाले.

पंपवाल्यानं कप खाली ठेवला. "माझ्या शब्दावर छदाम देऊ नकोस, बाळ. घरी जा."

खजिनदारांचा चेहरा पडला. पोरगा मात्र हसला. साहेब पारख करतायत, असं त्याला वाटलं. परतताना गाडीतच त्यानं देणगी कबूल करून टाकली, तीही वाढवून. सचिवाकडून हे कळलं तसा पंपवाला स्वतः त्याच्या घरी गेला. देणगी देऊ नकोस म्हणून विनवायला तो आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या दारी गेला होता. त्यानं बूटवाल्याची सगळी हकीकत सांगितली. गहाण घर, फोन, ती खोली, काहीही न लपवता.

पोरगा मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "पण साहेब, भट्टीची ऑर्डर तर देऊन झाली. आणि तुमचं बघा ना. तुम्ही राज्यपाल झालात की!"

आतून त्याची बायको बाहेर आली. एवढा मोठा माणूस घरी आला म्हणून हरखून गेली होती. "काका, असे कसे जाल? पानं वाढलीयत, जेवूनच जायचं."

त्याला नाही म्हणता आलं नाही. जेवताना तो तेच तेच पुन्हा सांगत राहिला, आवाज चढवून, मग अगदी हळू. दोघं नवरा-बायको आदरानं माना डोलवत होती आणि ती पोरगी त्याला आग्रह करकरून वाढत होती.