घाग सरांचा जबाब

"सर, पण ह्याचा यूज काय?" ऋतुराजने तिसऱ्यांदा विचारलं आणि मागच्या बाकांवरून हशा उठला.

फळ्यावर वर्गसमीकरणाचं सूत्र अर्धवट राहिलं होतं. घाग सरांनी खडू खाली ठेवला. बाळकुमच्या या शाळेत सत्तावीस वर्षं ते दहावीला बीजगणित शिकवत होते. तीच सूत्रं, तीच उदाहरणं. वर्गात शिरताना आपल्यालाच जांभई येते, हे त्यांनी कधी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"परीक्षेत येतं म्हणून शिकायचं."

"ते झालं, सर. पण नंतर? माझा बाप शीळफाट्याला गोडाऊनमध्ये माल उतरवतो. त्याला एक्स कधी भेटलाच नाय."

अख्खा वर्ग हसत सुटला. पहिल्या बाकावरच्या सान्वीलासुद्धा हसू आवरेना. पोरगा खरंच विचारत होता, त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. पण हे सरांना फार उशिरा कळलं. त्या क्षणी त्यांना फक्त हशा ऐकू येत होता. दोन ढांगांत ते बाकापाशी पोचले आणि त्यांनी ऋतुराजच्या थोबाडीत ठेवून दिली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी कानावर बसली तेव्हा फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. ऋतुराज पडला नाही, बाक घट्ट धरून उभा राहिला. डाव्या कानातून रक्ताचा बारीक ओघळ निघून कॉलरपर्यंत आला, तरी सरांचा हात पाचव्यांदा वर गेलेला होता. सान्वी किंचाळली म्हणून तो थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी ऋतुराजचा बाप पंढरी उभा होता. हातात लोखंडी पाइप.

"माझ्या पोराचा कान फोडलास ना? डॉक्टर बोलला, पडदा गेला. कुठल्या हाताने मारलंस?"

सरांनी तोंड उघडायच्या आत पहिला फटका खांद्यावर बसला. ते रस्त्यावर कोसळले. पंढरीने त्यांचा उजवा हात पायाखाली दाबला आणि पाइप दोनदा खाली आणला. हाड मोडल्याचा आवाज सरांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. शिपाई धोंडीबाने मागून मिठी मारून ओढलं नसतं, तर तिसरा घाव डोक्यात बसला असता. ओढला जाताना पंढरी लहान मुलासारखा हमसून रडत होता.

इस्पितळात मुख्याध्यापिका अमृता मॅडम आल्या, त्या टाइप केलेला कागद घेऊनच.

"डाव्या हाताने सही करा, घाग सर. मुलगा बाकावर आपटला, असं यात आहे. चौकशीत तुमची नोकरी वाचेल. आणि तो माणूस जामिनावर सुटलाय, तो सरळ आत जाईल. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत तुमच्या."

"वर्ग बघत होता, मॅडम."

"वर्गाचं मी बघते."

सरांनी कागद ठेवून घेतला. सही केली नाही.

आठवड्याने इस्पितळातून सोडलं, तेव्हा ते वर्तकनगरला आपल्या घरी न जाता आधी बाळकुमच्या चाळीत गेले. ऋतुराजच्या आईने, रतनने दार उघडलं. "बसा," एवढंच म्हणाली. पंढरी भिंतीला टेकून उभा राहिला. प्लॅस्टरकडे त्याला बघवत नव्हतं.

सर पोराशेजारी बसून बोलू लागले, तसा तो वळला. "ह्या साइडला या ना, सर. तिकडचं ऐकायला येत नाय."

सर उठून दुसऱ्या बाजूला बसले.

"तू विचारलंस, उपयोग काय. मला माहीत नाही रे. मला गुरुजींनी छडीने शिकवलं, मी तुम्हाला हाताने. कंटाळा मलाही यायचा. अजून येतो. एखादं अडलेलं उदाहरण सुटलं, की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. बस, एवढंच."

"मग तसंच सांगायचं होतं ना," ऋतुराज म्हणाला. "तुम्हाला पण बोअर होतं कळलं असतं, तर मी केला असता अभ्यास. सोबत कोण असलं की कंटाळा खपतो."

"आता शिकवू? इथे येऊन?"

पोराने मान हलवली. "आता नको, सर. फळा आठवला तरी कानात शिट्टी वाजते."

सर जायला उठले. पंढरीने पुढे होऊन त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. "हात... बसेल ना?" त्याने खाली बघतच विचारलं.

"बसेल म्हणतात. मूठ वळणार नाही."

घरी आल्यावर सरांनी मॅडमचा कागद टेबलावर पालथा घातला आणि डाव्या हातात पेन धरलं.

"सांगा, मी लिहिते," बायको म्हणाली.

"नको. माझ्याच अक्षरात हवं."

'मी विद्यार्थ्यास चार वेळा मारले,' एवढं लिहायलाच पंधरा मिनिटं गेली. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी कलत, घसरत होती. 'त्याच्या वडिलांविरुद्ध माझी तक्रार नाही.' मग विद्यार्थ्याचं नाव लिहायचं होतं. 'ऋ' काही केल्या जमेना. सरांनी तो तीनदा काढला, तीनदा खोडला. कपाळावर घाम आला. बायको शेजारी बसून कागद हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून राहिली, आणि सर चौथ्यांदा 'ऋ' गिरवू लागले.